अतिधारदार सिने लेन्स आणि वयोवृद्ध गायिकेचा चेहरा : कोणता डिफ्यूजन फिल्टर वापरावा?

छायासाधक (लष्कर, ग्वाल्हेर)

नमस्कार. ग्वाल्हेर घराण्याची गायकी जपणाऱ्या एका ज्येष्ठ गायिकेवर आम्ही मराठी माहितीपट करत आहोत. बाईंनी ऐंशी कधीच ओलांडली आहे, पण आवाज अजून स्वच्छ लागतो आणि शिष्यांची तालीमही नियमित चालू आहे. बहुतेक चित्रीकरण ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील त्यांच्या जुन्या वाड्यात, माडीवरच्या खोलीत होईल. या खोलीच्या एका बाजूला रस्त्याकडे उघडणाऱ्या उंच खिडक्या आहेत आणि उरलेली खोली बरीच अंधारी आहे.

कॅमेरा फुल-फ्रेम, ६के सेन्सरचा आहे, रेकॉर्डिंग १० बिट लॉगमध्ये (नंतर रंग-उजेड बदलायला वाव ठेवणाऱ्या फिक्या स्वरूपात) होईल आणि भाड्याने घेतलेला प्राइम लेन्सचा संच अलीकडच्या घडणीचा, टी १.५ चा आहे (टीचा आकडा जितका लहान, तितका जास्त प्रकाश आत). लेन्सच्या रंगाबद्दल किंवा यांत्रिक कामाबद्दल काहीच तक्रार नाही. मात्र ८५ मिमी लेन्सवर टी २.८ ला घेतलेल्या चाचणीच्या क्लोजअपमध्ये गालावरची प्रत्येक बारीक सुरकुती, पावडरचा कण, कुंकवाची कड, सारे काही सारख्याच आग्रहाने पुढे येते आणि पाहणाऱ्याचे लक्ष गाण्याऐवजी त्वचेवर खिळते. बाईंचे वय लपवावे असे मला मुळीच वाटत नाही. बैठकीत चार-पाच हातांवर बसलेल्या श्रोत्याला त्या जशा दिसतात, तशा त्या पडद्यावर दिसाव्यात एवढीच इच्छा आहे.

सहकाऱ्यांच्या सूचनेवरून ब्लॅक मिस्ट जातीचा, १/४ तीव्रतेचा डिफ्यूजन फिल्टर (लेन्ससमोर लावायची, चित्र मऊ करणारी काच) लावून पाहिला. खिडकीभोवती मोठी आभा पसरली, तंबोऱ्यामागचा काळोख राखाडी झाला, सुरकुत्या मात्र जवळजवळ जशाच्या तशा राहिल्या. आता १/२ घ्यावा असे काहींचे म्हणणे आहे. तो घ्यावा का, की हे काम फिल्टरऐवजी ग्रेडिंगमध्ये (चित्रीकरणानंतरच्या रंग-उजेडाच्या संस्करणात) करावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रकाशरेषा (इंदूर)

१/२ घेऊ नये. खिडकीची आभा दुप्पट होईल, काळोख आणखी उडेल आणि आपली मूळ अडचण जिथे होती तिथेच राहील. आपण जे पाहिले तो त्या फिल्टरचा दोष नाही, त्या जातीच्या फिल्टरचे कामच मुळात वेगळे आहे.

बाजारात ज्यांना सरसकट डिफ्यूजन फिल्टर म्हटले जाते, ते दोन निरनिराळी कामे कमीअधिक प्रमाणात करतात. पहिले काम म्हणजे उजळ भागांतला प्रकाश आजूबाजूला पसरवणे. टिफनचे प्रो-मिस्ट आणि ब्लॅक प्रो-मिस्ट, तसेच त्या धर्तीवर इतर कंपन्यांनी काढलेले ब्लॅक मिस्ट, हे मुख्यतः या जातीचे आहेत. काचेतील अतिसूक्ष्म कणांवर आदळलेला प्रकाशाचा थोडा अंश मोठ्या कोनात विखुरतो आणि बाकीचा सरळ पुढे जातो. सरळ गेलेल्या प्रकाशाने बनणारी प्रतिमा जवळजवळ पूर्वीइतकीच धारदार असते, फक्त तिच्यावर विखुरलेल्या प्रकाशाचा पातळ पदर चढतो. म्हणून दिव्याभोवती वलय येते, एकूण कॉन्ट्रास्ट उतरतो, पण सुरकुतीची रेघ तिथेच राहते. ब्लॅक प्रकारातील काळे कण काही प्रकाश शोषून घेतात, त्यामुळे सावल्या पांढऱ्या प्रकाराइतक्या उचलल्या जात नाहीत. तरीही चौकटीत उघडी खिडकी असेल तर त्या उचलल्या जाणारच.

दुसरे काम म्हणजे बारीक तपशिलाचा कॉन्ट्रास्ट कमी करणे. टिफनचे सॉफ्ट/एफएक्स आणि ब्लॅक डिफ्यूजन/एफएक्स, श्नायडरचे क्लासिक सॉफ्ट, हे त्या बाजूचे फिल्टर आहेत. क्लासिक सॉफ्टच्या काचेवर जागोजागी अगदी लहान भिंगे असतात आणि त्यांच्यामध्ये सपाट काच असते. सपाट भागातून आलेला प्रकाश नेमका फोकसमध्ये पडतो, लहान भिंगांतून आलेला किंचित फोकसबाहेर पडतो आणि या दोन प्रतिमा एकमेकींवर बसतात. परिणामी डोळ्याची कड, पापण्या, ओठांची रेषा शाबूत राहते आणि त्वचेवरचे सर्वांत बारीक चढउतार मात्र मागे सरतात. आपल्याला जे हवे आहे ते हेच. हलक्या श्रेणीत खिडकीभोवतीची आभाही मिस्टच्या तुलनेने बरीच कमी असते, आणि ब्लॅक डिफ्यूजन/एफएक्समध्ये तर ती फारच थोडी असते. दोन्ही कामे एकाच काचेत हवी असतील तर श्नायडरचा हॉलीवूड ब्लॅक मॅजिक आहे, परंतु आपल्या खोलीतील खिडक्या पाहता माझी पहिली निवड ती नसेल.

श्रेणी निवडताना फोकल लेंथ विसरू नये. तीच काच ५० मिमीवर जेवढी मऊ वाटते त्यापेक्षा ८५ मिमीवर अधिक मऊ वाटते. त्यामुळे ५० मिमीच्या मध्यम चौकटीवर १ श्रेणी लावली असेल, तर तिला जुळणाऱ्या ८५ मिमीच्या क्लोजअपवर १/२ पुरते. उलट केले, म्हणजे क्लोजअप आला म्हणून जास्त जाड फिल्टर चढवला, तर संकलनात त्या दोन चौकटी शेजारी येताच क्लोजअप उघडा पडतो. लहान भिंगे असलेल्या फिल्टरांचा परिणाम अ‍ॅपर्चरनुसारही बदलतो, म्हणून बाईंच्या सर्व क्लोजअपसाठी एकच स्टॉप (अ‍ॅपर्चरची स्थिती) ठरवून त्यावरच चाचणी घ्यावी.

रंगसंस्कार (पुणे)

मी ग्रेडिंगच्या खोलीतून बोलतो आहे, आणि फिल्टर लावण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

पहिली गोष्ट कॅमेऱ्याच्या मेन्यूतील. रॉ (सेन्सरचा कच्चा डेटा) सोडून इतर स्वरूपांत रेकॉर्ड करताना अनेक कॅमेरे प्रतिमेला स्वतःहून धार लावतात आणि लॉग निवडला म्हणून ती धार आपोआप बंद होतेच असे नाही. ही कृत्रिम धार लेन्सच्या तीक्ष्णपणापेक्षा वाईट असते, कारण ती प्रत्येक कडेला काळी-पांढरी किनार काढते आणि सुरकुतीला खोली नसताना खोली देते. एकदा रेकॉर्ड झालेली ती किनार नंतर नीट पुसता येत नाही. डिटेल किंवा शार्पनेस या नावाने जे काही असेल ते शून्यावर किंवा सर्वांत खाली आणून तीच चौकट पुन्हा पाहावी.

दुसरी गोष्ट अशी, की चेहऱ्याची बारीक धार कमी करणे हे काम आज ग्रेडिंगमध्ये फार चांगले होते. दाविंची रिझॉल्व्हमध्ये मिडटोन डिटेल थोडे ऋण करून ते केवळ चेहऱ्यापुरत्या, चेहऱ्यासोबत हलणाऱ्या मास्कमध्ये दिले, तर डोळे आणि ओठ वगळून गाल-कपाळ हवे तेवढेच शांत करता येते. फिल्टरला गाल आणि तंबोऱ्याच्या तारा यांतला फरक कळत नाही. शिवाय हा माहितीपट आहे. बाई एखादी चीज आज ज्या अंगाने मांडतील त्याच अंगाने उद्या मांडणार नाहीत, आणि त्या क्षणी समोर जास्त जाड काच असेल तर ती कोणत्याही कलरिस्टला काढून टाकता येणार नाही. स्वच्छ प्रतिमा मऊ करता येते, मऊ झालेली प्रतिमा खऱ्या अर्थाने पुन्हा स्वच्छ होत नाही. माझा सल्ला फिल्टरशिवाय चित्रीकरण करण्याचा आहे.

उजेडाचे काम (मुरार, ग्वाल्हेर)

लेन्स आणि फिल्टर यांची चर्चा वाचली. चेहऱ्यावर पडणारा प्रकाश कुठून येतो याबद्दल अजून कोणी विचारले नाही, म्हणून लिहितो.

सुरकुती दिसते ती तिच्या सावलीमुळे. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात नांगरलेल्या शेतातले प्रत्येक ढेकूळ जसे उठून दिसते, तसेच बाजूच्या खिडकीतून येणाऱ्या थेट प्रकाशात गालावरची प्रत्येक रेघ उठते, आणि मग लेन्स कितीही जुनी वा मऊ असली तरी ती रेघ टिपणारच. लष्करातल्या जुन्या वाड्यांच्या खिडक्या उंच आणि अरुंद असतात, त्यांतून येणारा प्रकाश तिरपा आणि कडक असतो. त्या खिडकीवर बाहेरून किंवा आतून पूर्ण उंचीचे बटर पेपर किंवा मलमल ताणावे. त्यामुळे संपूर्ण खिडकी हाच प्रकाशाचा स्रोत बनतो, आणि स्रोत जितका मोठा व चेहऱ्याला जितका जवळ, तितक्या सुरकुत्यांच्या सावल्या विरघळतात. बाईंची बैठक खिडकीच्या जवळ सरकवावी आणि त्यांना थोडे खिडकीकडे वळवावे, म्हणजे प्रकाश कानाच्या बाजूने न येता नाकाच्या बाजूने येईल. दुसऱ्या बाजूला थर्माकोल लावून सावली अर्धवट भरावी, पूर्ण भरू नये, कारण चेहऱ्याचा घाट त्या सावलीतूनच कळतो आणि गाताना तो घाट सतत बदलत असतो.

खिडकी चौकटीत दिसणार असेल तर तिच्यावर बाहेरून एनडीची जेल (रंग न बदलता उजेड कमी करणारा पारदर्शक कागद) लावता येते. तिचा उजेड दोन स्टॉपने, म्हणजे चौथ्या हिश्श्यावर, जरी उतरला, तरी मिस्ट फिल्टरसुद्धा इतका अंगावर येणार नाही. एक विनंती वेगळी करतो. ऐंशीच्या पुढच्या माणसाच्या डोळ्यांसमोर उघडा एलईडी ठेवू नका. तो प्रकाश चेहऱ्यासाठी वाईट असतो, हे तर आहेच. पण बाई डोळे बारीक करून गातील, आणि ते कुठल्याही काचेने किंवा ग्रेडिंगने सुधारणार नाही.

जुनी भिंगे (वडोदरा)

जुन्या लेन्स किंवा जाळी यांचा उल्लेख झाला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. १९६०-७० च्या दशकांतील स्थिरचित्रणाच्या लेन्स पूर्ण उघड्या ठेवल्यास कॉन्ट्रास्ट आपसूक उतरतो, पण प्रत्येक लेन्सचा रंग आणि फ्लेअर वेगळा असतो आणि एका मुलाखतीत दोन लेन्स जुळवणे कठीण जाते. लेन्सच्या मागे बारीक रेशमी किंवा नायलॉनची काळी जाळी ताणण्याची पद्धत फार जुनी आहे आणि तिचा परिणाम मला फिल्टरपेक्षाही अधिक भावतो, मात्र पार्श्वभूमीतील फोकसबाहेरच्या दिव्यांत जाळीचे धागे उमटतात आणि जाळी थोडा प्रकाशही खाते. भाड्याच्या लेन्सच्या मागच्या काचेजवळ चिकटपट्टी नेणे हे मालकाच्या परवानगीशिवाय करू नये.

छायासाधक (लष्कर, ग्वाल्हेर)

सर्वांचे मनापासून आभार. कॅमेऱ्याच्या मेन्यूत डिटेल कारखान्याच्या मूळ स्थितीवरच होते. ते खाली आणल्यावर केसांच्या आणि कुंकवाच्या कडेची कृत्रिम किनार गेली, त्यामुळे निम्मी अस्वस्थता तिथेच कमी झाली. खिडकीवर बटर पेपर लावून पाहिल्यावर गालाचा पोतही पुष्कळ निवळला. तरीही ८५ मिमीवर थोडा कठोरपणा उरतो आहे आणि तो काचेने काढावा की ग्रेडिंगने, याबद्दल आपल्यात मतभेद दिसतात.

आणखी तीन प्रसंग विचारायचे राहिले होते. सूफी संत महंमद गौस यांच्या इथल्या मकबऱ्यात, दगडी जाळ्यांच्या आतल्या बाजूने, बाईंच्या शिष्येची काही दृश्ये घ्यायची आहेत. डिसेंबरमध्ये तानसेन समारोहाच्या रात्री श्रोत्यांतून मंचाची दृश्ये घ्यायची आहेत. आणि त्याच दिवसांत पहाटेच्या धुक्यात किल्ल्याचा चढ चित्रित करायचा आहे. सर्वत्र एकच फिल्टर ठेवला तर चित्रपटाचा पोत एकसारखा राहील, असा माझा विचार होता.

प्रकाशरेषा (इंदूर)

पोत एकसारखा राहावा ही इच्छा योग्य आहे, पण सर्वत्र एकच काच ठेवल्याने ती पुरी होत नाही, कारण फिल्टरचा परिणाम समोरच्या प्रकाशावर ठरतो. एकसारखेपणा पडद्यावर दिसला पाहिजे. त्यासाठी काच बदलावी लागली तरी हरकत नाही.

धुक्याचा प्रसंग आधी घेतो, कारण त्याचे उत्तर सर्वांत सोपे आहे : फिल्टर काढून ठेवा. ग्वाल्हेरचे डिसेंबर-जानेवारीतील धुके दाट असते आणि ते स्वतःच कॉन्ट्रास्ट उतरवते, मात्र ते अंतरानुसार उतरवते. जवळचा दगड गडद आणि स्पष्ट, पलीकडची तटबंदी फिकट, त्यामागचा बुरूज जवळजवळ नाहीसा, अशा पायऱ्यांनी चौकटीत खोली तयार होते. काचेतला मिस्ट जवळच्या आणि दूरच्या गोष्टींवर सारखाच चढतो, त्यामुळे तो या पायऱ्या पुसून सारे एकाच राखाडी पातळीवर आणतो. अशा हळूहळू बदलणाऱ्या करड्या छटांत कमी बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये पट्टे पडतात, तेव्हा १० बिटचा आपला निर्णय इथे फार उपयोगी पडेल.

जाळीची दृश्ये सर्वांत नाजूक आहेत. आत अंधार, बाहेर लख्ख आकाश आणि मधल्या दगडात शेकडो लहान छिद्रे, म्हणजे तीव्र कॉन्ट्रास्ट आणि बारीक आकृती दोन्ही एकत्र. तिथे मिस्ट लावला तर प्रत्येक छिद्रातला प्रकाश शेजारच्या दगडावर सांडतो आणि ज्या कोरीव कामासाठी आपण तिथे गेलो तेच विरघळते. रुंद चौकटीत, समजा २४ मिमीवर टी ८ ला, लहान भिंगांचा फिल्टरही लावू नये. रुंद लेन्स आणि बंद अ‍ॅपर्चर एकत्र आले की डेप्थ ऑफ फील्ड (स्पष्ट दिसणाऱ्या अंतराचा पट्टा) काचेच्या जवळ येऊ लागते आणि उजळ आकाशावर फिल्टरचीच ठिपक्यांची नक्षी हलकेच उमटण्याचा धोका असतो. शिष्येचा क्लोजअप जाळीसमोर घेताना मात्र १/८ चा ब्लॅक मिस्ट चालेल. तिथे त्वचा मऊ करायचीच नाही, मुलगी तरुण आहे. तिथे हवा आहे तो जाळीतून आत झिरपणाऱ्या उजेडाचा भास, आणि ते काम मिस्टचेच आहे. एक्सपोजर ठरवताना वेव्हफॉर्मवर (उजेडाच्या पातळ्या दाखवणाऱ्या आलेखावर) काळ्या पातळीकडे लक्ष ठेवावे. चौकटीत आकाशाचा वाटा वाढला की ती पातळी वर सरकते, आणि त्यामुळे कॅमेरा थोडा फिरवला तरी दोन दृश्यांचा काळेपणा जुळेनासा होतो.

समारोहाच्या मंचावर कॅमेऱ्याकडे रोखलेले दिवे असतात. सपाट फिल्टर आणि लेन्सच्या समोरची काच यांच्यामध्ये प्रकाश मागेपुढे परावर्तित होऊन त्या दिव्यांची भुते चौकटीच्या विरुद्ध बाजूला, नेमकी काळ्या पार्श्वभूमीवर तरंगताना दिसतात. तिरका करता येणारा मॅट बॉक्सचा (लेन्ससमोर फिल्टर धरणाऱ्या पेटीचा) ट्रे असेल तर तो काही अंश झुकवून ही भुते चौकटीबाहेर ढकलता येतात. तसा ट्रे नसेल तर फिल्टर काढावा. चौकटीबाहेरच्या दिव्याचा प्रकाश काचेवर पडत असेल तर त्याला कटर (प्रकाश अडवणारा काळा आडोसा) लावावा, कारण डिफ्यूजनची काच न दिसणाऱ्या दिव्याचाही प्रकाश पकडते आणि संपूर्ण चित्र धुऊन काढते.

आता मतभेदाबद्दल. रंगसंस्कार यांचा परत न फिरण्याचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि गाण्याच्या चित्रीकरणात तो निर्णायक ठरावा. पण एक गोष्ट ग्रेडिंगमध्ये होत नाही. खिडकी किंवा समईची ज्योत सेन्सरवर पूर्ण पांढरी झाली, की ती किती पट उजळ होती ही माहितीच उरत नाही, आणि नंतर पसरवलेला प्रकाश त्या कापलेल्या पांढऱ्यापासूनच तयार करावा लागतो. काच हे काम सेन्सरच्या आधी, खऱ्या तेजावर करते. म्हणून उजेडाचा फैलाव हवा असेल तिथे काच, आणि त्वचेचा पोत शांत करायचा असेल तिथे मुख्य भार ग्रेडिंगवर, अशी वाटणी मी सुचवेन. बाईंच्या ८५ मिमी क्लोजअपवर सॉफ्ट/एफएक्स किंवा ब्लॅक डिफ्यूजन/एफएक्सची १/२ श्रेणी, त्याहून जाड नाही. उरलेले चेहऱ्याच्या मास्कमध्ये पाहावे.

रंगसंस्कार (पुणे)

ही वाटणी मला मान्य आहे. एवढेच जोडतो, की गाण्याच्या सलग बैठकीसाठी दोन कॅमेरे असतील तर एक पूर्ण स्वच्छ ठेवावा. आणि फिल्टरचा परिणाम ७ इंची मॉनिटरवर ठरवू नये. तिथे जो योग्य वाटतो तो मोठ्या पडद्यावर जास्त निघतो. फिल्टर लागल्यावर फोकस पीकिंगही (फोकसमधल्या कडा मॉनिटरवर ठळक करणारी सोय) मंदावते, त्यामुळे फोकस पुलरने आधी काच काढून अंतर निश्चित करावे.

उजेडाचे काम (मुरार, ग्वाल्हेर)

भाड्याने घेताना ४ × ५.६५ इंचाची काच घ्यावी, म्हणजे संचातील सर्व लेन्सवर ती मॅट बॉक्समध्ये बसेल. आट्यांचा फिल्टर लेन्सगणिक बदलत बसलात तर बैठकीचा रंग उतरेल. काच हातात आल्यावर दोन्ही बाजू उजेडासमोर धरून तपासाव्यात. बोटाचा तेलकट ठसा राहिला असेल तर तोही डिफ्यूजनच करतो, फक्त चौकटीच्या एकाच कोपऱ्यात.

छायासाधक (लष्कर, ग्वाल्हेर)

ब्लॅक डिफ्यूजन/एफएक्स १/२ आणि ब्लॅक प्रो-मिस्ट १/८ अशा दोनच काचा मागवत आहे. दुसरा कॅमेरा स्वच्छ राहील. बाईंच्या सकाळच्या रियाजाच्या वेळी, खिडकीवर बटर पेपर लावून, ५० आणि ८५ मिमीवर टी २.८ ला काचेसह आणि काचेविना अशा जोड्या घेऊन त्या प्रोजेक्टरवर पाहीन. प्रत्येक शॉटच्या नोंदवहीत लेन्स, स्टॉप आणि फिल्टरची श्रेणी लिहिण्याची जबाबदारी सहायकाकडे दिली आहे. जोड्यांतील चौकटी इथेच देईन, त्या पाहून ८५ मिमीवर १/२ देखील जास्त वाटली तर कृपया स्पष्ट सांगावे.